अकारविल्हे पालखी

यंदाच्या शिमग्यात आमच्या वाडीतली पालखी उलट्या क्रमाने फिरली, ती माझ्यामुळे. इतकं सरळ वाक्य मी बरेच दिवस कुणापाशी बोललो नव्हतो. महाडमध्ये कुणी विचारलं तर मी 'काहीतरी तांत्रिक गडबड झाली' असं सांगत होतो, आणि तांत्रिक म्हटलं की माणसं पुढे विचारत नाहीत. पण गडबड माझ्या हौशीची होती, आणि नंतर माझ्या गप्प बसण्याची.

हौस कसली, ते आधी सांगतो. मी महाडला राहतो आणि घरी बसून भाषांतरं करतो. वॉशिंग मशीन, मिक्सर, पाण्याचा पंप यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते, तिचं मराठी करणाऱ्यांपैकी मी एक. त्या पुस्तिका कुणी वाचत नाही हे मला ठाऊक आहे. माझ्या बायकोनेही वाचली नव्हती, आणि आमचा मिक्सर जळाला तेव्हा तिने मलाच विचारलं होतं, "असं होईल म्हणून कुठे लिहिलं होतं का?" मीच लिहिलं होतं.

पुराचं पाणी आमच्या तळमजल्यावर शिरलं त्या वर्षी माझा जुना संगणक गेला. नवा घेतला तेव्हा माझ्याबरोबर काम करणारा एक जण फोनवर म्हणाला, की आता तरी त्या जाडजूड सॉफ्टवेअरमध्ये लिहिणं सोड आणि साधा टेक्स्ट एडिटर घे. घेतला. उघडला तर काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. ना बटणं, ना चित्रं. काय हवं ते एका सेटिंगच्या फाइलमध्ये ओळीओळीने लिहायचं: अक्षर एवढं, रंग असा, ही कळ दाबली की हे व्हावं. फाइल कोरी असेल तर एडिटर मुका. जितकं लिहाल तितका तो तुमचा.

मला हे फार आवडलं. घर साफ करून, गाळ उपसून झाल्यावर गावात जो तो भांडी आणि कपाटं नव्याने लावत होता, तेव्हा मी माझी फाइल लावत बसलो. आधी अक्षर. इंग्रजीसाठी केलेल्या ओळीत मराठीच्या वेलांट्या वरून कापल्या जात आणि उकार खालच्या ओळीत घुसत, म्हणून ओळींमधलं अंतर वाढवलं. मग रंग. आधी पिवळसर केला, तो कावीळ झाल्यासारखा दिसला. मग भाताच्या रोपासारखा हिरवा केला, त्याने डोळे दुखले. शेवटी शाळेतल्या पाटीचा काळपट रंग आणि खडूसारखी अक्षरं यांवर मन बसलं. बायको चहा ठेवायला आली की पडद्याकडे बघायची.

"आज कुठला रंग?"

"कालचाच आहे. फक्त जरा गडद केलाय."

"बाहेरच्या भिंतीवर पुराची रेघ अजून दिसतेय. तिथे पण जरा गडद कर."

मी भिंत रंगवली नाही. मी लघुरूपं बनवायला घेतली.

लघुरूपं म्हणजे असं, की माझ्या कामात तीच ती वाक्यं पुन्हापुन्हा येतात, तेव्हा दोन अक्षरं टाइप करून जागा सोडली की पूर्ण वाक्य आपोआप उमटावं. 'बंद' लिहिलं की 'बंद करून प्लग काढून ठेवा'. 'मुला' लिहिलं की 'मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा'. मी दिवसभर अशी वाक्यं पेरत असे, आणि ती टपाटप उगवताना बघून मनाशी हसत असे. मग एकदा आमच्या इमारतीच्या फळ्यावर लावायची सूचना मी घाईत त्याच एडिटरमध्ये लिहिली आणि न वाचता छापली. 'टाकी साफ करायची असल्याने उद्या पाणी बंद करून प्लग काढून ठेवा राहील.' शेजारच्या टेंपोवाल्या भाईंनी ती सगळ्या मजल्यांवर मोठ्याने वाचून दाखवली. कित्येक दिवस जिन्यात भेटले की म्हणायचे, "क्या साहब, प्लग निकाला क्या?"

तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं. हसण्यावारी गेलं, म्हणून झालो नाही.

आता पालखीकडे येतो. आमची वाडी पोलादपूरच्या वर, घाटाच्या रस्त्यावरून फुटून डोंगरावर गेलेली. घरं थोडी, आणि त्यातली निम्मी कुलूपबंद. माणसं मुंबईला. शिमग्याला मात्र सगळी येतात, कारण त्या दिवशी ग्रामदेवीची पालखी घरोघर जाते. खालूबाजा वाजतो, पोरं पालखी खांद्यावर घेऊन अंगणात नाचवतात, घरची बाई देवीची ओटी भरते. कुठल्या घरी आधी आणि कुठल्या घरी नंतर, हा क्रम ठरलेला. त्याला मान म्हणतात. आणि पहिला मान वरच्या घराचा.

वरचं घर माझ्या चुलत काकीचं. काका गेल्या वर्षी गेले. मुलगी नाते गावी दिलेली, मुलगा मुंबईत, त्याला सुट्टी मिळेलच असं नाही. काकी दोन म्हशी आणि काही शेळ्या सांभाळून एकटी राहते. पहिल्या मानाच्या घराला एक नेम आहे: देवी दारात येऊन ओटी घेईपर्यंत घरच्या बाईने अन्नाला शिवायचं नाही. पालखी सकाळी लवकर निघते आणि आधी तिच्याच दारी जाते, त्यामुळे त्या नेमाचा कुणाला जाच वाटत नाही. वाटायचा नाही.

पूर्वी हा क्रम तोंडपाठ असलेली म्हातारी माणसं होती. आता मुंबईकरांना मोबाइलवर वेळ लागते: आमच्याकडे पालखी किती वाजता? म्हणून मंडळाच्या अध्यक्षाने, म्हणजे माझ्या मुंबईतल्या चुलत भावाने, वेळापत्रकाचं काम माझ्याकडे दिलेलं. घरांची नावं मी एका फाइलमध्ये लिहून ठेवली होती, एका ओळीत एक घर, मानाप्रमाणे. वरचं, फणसाखालचं, मधलं असं करत सगळ्यात शेवटी ओढ्यापलीकडचं. दरवर्षी मी ती फाइल उघडायची, कुणाचं घर त्या वर्षी बंद असेल तर ती ओळ काढायची आणि सेव्ह करायचं. मग माझ्याच एका छोट्या प्रोग्रामने प्रत्येक ओळीपुढे वेळ लावली की झालं.

यंदा वेळापत्रक करायच्या आधीच्या आठवड्यात मी एडिटरला एक नवी गोष्ट शिकवली होती. माझ्या कामात शब्दांच्या याद्या असतात, इंग्रजी शब्दाला मराठी कुठला वापरायचा त्यांच्या. त्या अकारविल्हे लावलेल्या असल्या की शोधायला सोप्या. म्हणून मी सेटिंगमध्ये लिहिलं, की याद्यांच्या फोल्डरमधली कुठलीही फाइल सेव्ह केली की तिच्यातल्या ओळी आपोआप अकारविल्हे लागाव्यात. दोन दिवस खटपट करून ते जमलं तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवलं होतं.

"बघ, सेव्ह केलं की आपोआप रांगेत उभे राहतात."

"कोण?"

"शब्द."

"बरं," ती म्हणाली आणि गॅस बंद करायला गेली.

वाडीची फाइल त्याच फोल्डरमध्ये होती.

मी एका बंद घराची ओळ काढली, सेव्ह केलं, वेळा लावल्या आणि वेळापत्रक ग्रुपवर टाकलं. वाचलं नाही. इतक्या वर्षांची तीच घरं, त्यात वाचायचं काय? ओढ्यापलीकडचं, कोपऱ्यातलं, खालचं, चिंचेखालचं, पाणंदीतलं, फणसाखालचं, मधलं. आणि सगळ्यात शेवटी वरचं.

एवढी उलथापालथ झाली तरी कुणी बोललं कसं नाही? त्याला कारण होतं. शिमग्याआधीच्या सभेत याच क्रमावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. ओढ्यापलीकडच्या घरातला माणूस, माझ्याच वयाचा, उठून म्हणाला होता, "आमच्याकडं देवी येते तवा नाचवणारे दमलेले, वाजवणारे झिंगलेले आणि पोरं झोपलेली. आम्ही काय गावाबाहेरचे हाय?" निकाल लागला नाही. 'अध्यक्ष बघतील' असं म्हणून सभा उठली. त्यामुळे नवीन वेळापत्रक पाहून प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी ठरवलं असणार. अध्यक्षाला वाटलं, मी ठरवलं.

मी आणि बायको महाडहून एसटीने पोलादपूर आणि तिथून वर वाडीत पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पालखी चिंचेखालच्या घरासमोर नाचत होती. मला वाटलं, बाकीची घरं करून उशिरा इकडे आली असेल. तेवढ्यात ओढ्यापलीकडचा माणूस गुलालाने माखलेला समोर आला आणि त्याने मला मिठीच मारली.

"जिंकलंस रे भावा! पहिली आमच्याकडं. पोरं पालखीसंगं नाचली माझी. आई बी काठी टाकून नाचली."

मागून अध्यक्ष आला. "क्या आयडिया केलीस यार! सीधा अ-आ-इ-ई. कोणी बोलूच शकत नाय. एकदम फेअर."

मी मोबाइल काढून वेळापत्रक पाहिलं. ओ, क, ख, च. मला तिथल्या तिथे कळलं काय झालंय ते, आणि हेही कळलं की वरच्या घरी काकी सकाळपासून उपाशी आहे. पाच मिनिटं वर चढून गेलो असतो, किंवा 'थांबा, माझं चुकलं, आधी पालखी वर न्या' एवढं म्हणालो असतो, तर काम झालं असतं. पण माझ्या खांद्यावर अध्यक्षाचा हात होता आणि गालाला लागलेला गुलाल अजून ओला होता. मी हसलो. म्हणालो, "चला, सगळे खूश ना?"

पालखी वर पोचली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. चढणीला खांदेकरी कुरकुरत होते. काकीचं अंगण सकाळी सारवलेलं, रांगोळीवर दिवसभरात कोंबड्या फिरून गेलेल्या. ती नवं लुगडं नेसून, तबक घेऊन उभी होती. तिने ओटी भरली, देवीपुढे डोकं टेकलं आणि एवढंच म्हणाली, "आलीस गो बाय. उशिरा का होईना."

मग मला पाहून बाजूला घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"घरात बाप्या नाय म्हणून काढला ना रे मान? बरोबर हाय गावाचं. एकट्या बाईच्या दारी पहिला कशाला."

"तसं नाही काकी," मी म्हणालो. आणि तिच्या हातातलं तबक घेऊन आत ठेवायला गेलो.

उतरताना बायकोने विचारलं, "तुझ्या त्या रांगेतल्या शब्दांचं काम आहे ना हे?" मी हाक मारून दाखवलं तेव्हा तिने एकदाच पाहिलं होतं, पण लक्षात ठेवलं होतं. मी हो म्हणालो. "मग तू सांगणार आहेस की मी सांगू?"

"मीच सांगतो," मी म्हणालो. आणि सांगायच्या ऐवजी काकीला वस्तू न्यायला लागलो.

महाडहून वर जायचं निमित्त मी शोधत असे. एकदा पेंड नेली म्हशींना. एकदा गुडघ्याला लावायचं तेल नेलं. मग बॅटरीवरचा दिवा, मग चपला, मग तिच्या गोठ्यावरचा पत्रा स्वतः चढून ठोकून दिला आणि उतरताना पँट फाडून घेतली. प्रत्येक वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि वस्तू हातात दिली की तेवढ्यावर पाप फिटल्यासारखं वाटून परत यायचो. घरी येऊन सेटिंगची फाइल उघडायचो. ती अकारविल्हेची ओळ मी काढून टाकली होती, तिथे आता रिकामी जागा होती. तिच्याकडे बघत बसायचो.

मे महिन्यात मी काकीकडे आंब्याच्या पेटीएवढा प्रेशर कुकर घेऊन गेलो. ती ओटीवर शेळीच्या करडाला मांडीवर घेऊन बसली होती. कुकर बघितला आणि करडू खाली ठेवलं.

"हे बघ," ती म्हणाली, "खालचा तुकडा मी विकणार नाय."

"कुठला तुकडा?"

"सोंग करू नको. पेंड आणलीस, चपला आणल्यास, पत्रा ठोकलास. आता कुकर. एकट्या बाईला कुणी फुकट कुकर देतो काय रे? पोलादपूरचा एक दलाल पण असाच लाडू घेऊन आलता. त्याला अंगावर म्हैस सोडून हाकलला मी."

मी हसायला लागलो, आणि हसता हसता मला रडू आलं. मग सगळं सांगितलं. एडिटर सांगितला, फोल्डर सांगितला, अकारविल्हे म्हणजे काय ते सांगितलं. ती मधेच म्हणाली, "थांब. म्हणजे गावानं माझा मान काढला नाय?"

"नाही."

"सभेत कोण बोललं नाय, बाईच्या दारी नको म्हणून?"

"कुणीच नाही. माझ्या हातून झालं."

तिचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली. दोन महिने ती हे मनात धरून बसली होती आणि मी तिला चपला देत होतो.

"मेल्या," ती म्हणाली, "मी माझ्या पोरीला सांगून बसले, गावानं टाकली मला. देवळाकडं तोंड दाखवायला लाजत होते." मग कुकर स्वतःकडे ओढून घेतला. "हा राहू दे. पण हे माझ्या ओटीवर सांगून उपेग नाय. परवा सभा हाय. यंदाचाच क्रम कायमचा करणार म्हणतात. तिथं सांग."

सभा देवळापुढच्या मांडवात झाली. मुंबईकर खुर्च्यांवर, बाकीचे सतरंजीवर, बायका कडेला, काकी खांबाला टेकून. अध्यक्षाने विषय काढला, "तर पालखीचा यंदाचा सिस्टम सगळ्यांना पसंत हाय, तर तो फायनल..." मी उभा राहिलो. मी म्हणालो की हा सिस्टम कुणीच ठरवलेला नाही, आणि मग पुन्हा सगळं सांगितलं. कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग मांडवभर हसणं पसरलं.

"म्हणजे देवीला पण अ-आ-इ-ई शिकवलीस काय!"

"पुढच्या वर्षी माझ्या घराचं नाव 'अंगणातलं' ठेवतो, पहिला नंबर!"

"हौसेपायी आमचे खांदे गेले की रे चढणीला!"

फक्त ओढ्यापलीकडचा हसला नाही. तो सतरंजीचा धागा ओढत म्हणाला, "म्हणजे आमच्याकडं देवी चुकून आली."

त्याला उत्तर काकीने दिलं. "देवी चुकून येते व्हय रे? तिला तुझ्या आईचा नाच बघायचा होता, आली. पहिली माझ्या दारी येऊ द्या, तेवढा माझा मान ठेवा. तिथनं तशीच खाली ओढ्याकडं न्या. पोरं जागी असतील."

तसंच ठरलं. वरचं घर पहिलं, ओढ्यापलीकडचं दुसरं, बाकी जुन्या क्रमाने. अध्यक्षाने विचारलं, मोबाइलचं वेळापत्रक बंद करायचं का, तर सगळे नको म्हणाले, फक्त ग्रुपवर टाकायच्या आधी काकीला वाचून दाखवायचं असं ठरलं. चहाची किटली फिरायला लागली. माणसं उठायला लागली. मलाही हलकं वाटलं आणि मी बसणार होतो.

"झालं सांगून?" काकीने खांबापासून विचारलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हो. सगळं सांगितलं."

"मशीनचं सांगितलंस. फोल्डरचं सांगितलंस. तुझं सांग."

किटलीवाला थांबला. बायकांच्या बाजूला बसलेली माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी आत्तापर्यंत बोललेलं आठवून पाहिलं. सेव्ह झालं, ओळी लागल्या, वेळा पडल्या, पालखी फिरली. सगळं आपोआप झालं होतं. त्यात माणूस कुठेच नव्हता.

मी तिच्याजवळ गेलो आणि तिच्यासमोर खाली बसलो. म्हणालो, "काकी, यादी न वाचता मी पाठवली. दुपारी मला कळलं होतं, तू उपाशी आहेस हेही माहीत होतं. लोक माझं कौतुक करत होते म्हणून मी गप्प बसलो. तू मला मानाबद्दल विचारलंस तेव्हाही गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ कर."